मधुमेहाच्या आनुवंशिक जोखीम-घटकांचा शोध

मधुमेहाच्या आनुवंशिक जोखीम-घटकांचा शोध : रक्तातील ग्लुकोजाचे प्रमाण दीर्घकाळ वाढलेले राहणे, हे मधुमेहाचे मुख्य लक्षण होय. अग्निपिंडातील बीटा कोशिकांकडून इन्शुलीन या हॉर्मोनाचा पुरवठा अपुरा पडल्याने किंवा ऊतकांवर त्याचा पुरेसा परिणाम न झाल्याने ही स्थिती उद्‌भवते. हा विकार काही कुटुंबांत पुनःपुन्हा दिसतो, ही गोष्ट फार पूर्वीपासून वैद्यांच्या लक्षात आलेली होती. तथापि एका कुटुंबातील व्यक्तींमध्ये जनुके जशी समाईक असतात, तसेच स्वयंपाकघर, श्रमाची पद्धत आणि दारिद्र्य किंवा सुबत्ता हीदेखील समाईक असतात. यांपैकी जनुकांचा वाटा किती आणि तो नेमक्या कोणत्या जनुकांचा, हे ठरविण्याचा प्रयत्न गेल्या सु. पाऊणशे वर्षांत जगभर झाला. या प्रयत्नाचा इतिहास प्रामुख्याने यूरोपीय वंशाच्या लोकसमूहांवरून लिहिला गेला असला, तरी त्यातील काही निर्णायक धडे आफ्रिकी आणि भारतीय लोकसमूहांच्या अभ्यासातून मिळाले. त्यांत मुंबईतील परळ व पुणे येथील संशोधनाचे स्थान महत्त्वाचे आहे.

प्राचीन व पूर्वकालीन कल्पना : सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले आहेत : आईवडिलांच्या बीजातील दोषामुळे होणारा ‘सहज’ आणि अयोग्य आहारविहारामुळे होणारा ‘अपथ्यनिमित्तज’. पहिल्या प्रकारचा रोगी कृश, तर दुसऱ्या प्रकारचा स्थूल असतो, असेही त्या ग्रंथात म्हटले आहे. हे वर्गीकरण आधुनिक वर्गीकरणाशी तंतोतंत जुळत नाही. परंतु रोगाच्या कारणांची वाटणी बीज आणि आहार यांत करण्याची दृष्टी त्यात स्पष्ट दिसते.

मिंकोव्हस्की व फोन मेरिंग यांनी १८८९ मध्ये कुत्र्याचे अग्निपिंड काढून टाकल्यास त्याला मधुमेह होतो, हे दाखविले. बँटिंग व बेस्ट यांनी १९२१ मध्ये टोराँटो येथे इन्शुलीन वेगळे केले. हॅरल्ड हिम्सवर्थ यांनी १९३६ मध्ये इन्शुलिनास प्रतिसाद देणारे व न देणारे असे रुग्णांचे दोन गट दाखवून दिले. त्यामुळे मधुमेह हा एक रोग नसून वेगवेगळ्या कारणांनी होणारा रोगसमूह असावा, ही कल्पना रूढ झाली. पुढे पहिला प्रकार (रोगप्रतिकारक यंत्रणेने स्वतःच्याच बीटा कोशिका नष्ट केल्यामुळे होणारा) आणि दुसरा प्रकार (बहुधा प्रौढपणी होणारा व सर्वांत जास्त आढळणारा) अशी विभागणी सर्वमान्य झाली.

परळ येथील मानवी आनुवंशिकीचे संशोधन : भारतातील मानवी आनुवंशिकीच्या आरंभीच्या कार्याचा मोठा भाग मध्य मुंबईतील परळ या गिरणगावाच्या भागात झाला. तेथे के. ई. एम. रुग्णालय व त्यास संलग्न सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय, टाटा मेमोरियल रुग्णालय (स्थापना १९४१) आणि पुढे भारतीय कर्करोग संशोधन केंद्र (१९५२) या संस्था एकमेकींच्या जवळ वसलेल्या होत्या. वाय्. एम्. भेंडे, सी. के. देशपांडे, एच्. एम्. भाटिया व त्यांचे ब्रिटिश सहकारी यांनी १९५२ मध्ये एका नव्या रक्तगट लक्षणाचे वर्णन प्रसिद्ध केले. या व्यक्तींच्या तांबड्या कोशिकांवर ए आणि बी हे प्रतिजन तर नव्हतेच. शिवाय ओ गटाच्या रक्तात सर्रास आढळणारा एच हा प्रतिजनही नव्हता. हाच गट पुढे ‘बाँबे रक्तगट’ या नावाने जगभर प्रसिद्ध झाला. १९५७ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे रक्तगट संदर्भ केंद्र मुंबईत सुरू झाले. त्याचेच रूपांतर पुढे प्रतिरक्षा-रक्तविज्ञानाच्या राष्ट्रीय संस्थेत झाले.

मधुमेहाच्या दृष्टीने याहूनही महत्त्वाचे काम विकृतिवैज्ञानिक वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) व एल्. डी. संघवी यांचे होय. निरनिराळ्या समाजांत कर्करोगाचे प्रमाण वेगवेगळे का असते, या प्रश्नापासून सुरुवात करून त्यांनी मुंबईतील सहा आंतरविवाही गटांमध्ये सात आनुवंशिक लक्षणांची पाहणी केली व तिचे निष्कर्ष १९५० मध्ये प्रसिद्ध केले. एकाच शहरात राहणाऱ्या व बहुतांशी एकच भाषा बोलणाऱ्या या गटांत जनुकांच्या वारंवारता भिन्न होत्या. आपापल्या गटातच विवाह करण्याच्या दीर्घ परंपरेचा हा परिणाम होता. अशा गटांमधील आनुवंशिक अंतर मोजण्यासाठी संघवी यांनी १९५३ मध्ये एक सांख्यिकीय माप सुचविले. हे माप त्यांच्या नावाने ओळखले जाते, व्ही. बालकृष्णन यांच्यासह त्यांनी १९६८ मध्ये या विषयाची आणखी मांडणी केली.

या निष्कर्षाचा अर्थ अँटॉप हिलसारख्या वस्तीच्या उदाहरणाने स्पष्ट होतो. वडाळा व शीव यांच्या दरम्यानच्या या भागात केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची मोठी वसाहत असून तीत देशाच्या अनेक राज्यांतून आलेली कुटुंबे राहतात. लगत दाट झोपडपट्ट्या आहेत. अशा वस्तीतील मधुमेही व्यक्तींचे रक्त घेऊन त्याची तुलना त्याच वस्तीतील निरोगी व्यक्तींच्या रक्ताशी केली आणि रुग्णांत एखाद्या समाजाचे लोक योगायोगाने किंवा आहारामुळे जास्त असले, तर त्या समाजात जास्त आढळणारे कोणतेही जनुक रोगाशी संबंधित असल्याचा भास होईल. प्रत्यक्षात ते जनुक केवळ त्या समाजाची खूण असेल. दोन समूहांतील हा सरमिसळीचा दोष टाळणे, ही आनुवंशिक शोधाची पहिली अट ठरते.

ही शंका केवळ तात्त्विक नव्हती. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातील पिमा व पापागो या आदिवासी जमातींमध्ये दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचे प्रमाण अतिशय जास्त असल्याचे १९७१ नंतर सर्वज्ञात झाले. त्यांच्यातील ४,९२० व्यक्तींच्या अभ्यासात रक्तद्रवातील एका प्रथिनाचा विशिष्ट आनुवंशिक प्रकार असलेल्यांना मधुमेह कमी होतो, असे प्रथम दिसले. परंतु नोलर व सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये दाखवून दिले की, हा प्रकार यूरोपीय वंशाच्या मिश्रणाची खूण होता. यूरोपीय मिश्रण किती आहे हे लक्षात घेऊन तुलना केली, तेव्हा तो सहसंबंध जवळजवळ नाहीसा झाला. परळ येथील पाहणीने अडतीस वर्षांपूर्वी जी भिन्नता नोंदविली होती, तिचाच धोका येथे मधुमेहाच्या संदर्भात प्रत्ययास आला.

‘काटकसरी जनुका’ची उपपत्ती : मधुमेह जर आनुवंशिक आणि हानिकारक असेल, तर नैसर्गिक निवडीने त्याची जनुके नाहीशी का झाली नाहीत, हा प्रश्न अमेरिकन आनुवंशिकीविज्ञ जेम्स नील यांनी १९६२ मध्ये उपस्थित केला. त्यांच्या मते शिकार व कंदमुळे यांवर जगणाऱ्या मानवाला कधी मुबलक अन्न, तर कधी उपासमार यांना तोंड द्यावे लागे. मुबलकतेच्या काळात झपाट्याने मेद साठविणारी ‘काटकसरी’ जनुके त्या काळी उपकारक होती. अन्न सतत मिळू लागल्यावर तीच घातक ठरली. ही उपपत्ती आकर्षक असल्याने पुढील तीस वर्षे तिचा प्रभाव राहिला. मात्र अशी जनुके प्रत्यक्षात सापडली नाहीत. नील यांनी स्वतःही पुढे या मांडणीत बदल केले. मधुमेह हे आनुवंशिकीविज्ञाचे दुःस्वप्न आहे, असे वर्णन त्यांनीच १९७६ मध्ये केले होते.

जनुकांचा वाटा मात्र नाकारता येण्यासारखा नव्हता. लंडन येथील पाइक व त्यांच्या सहकाऱ्यांनी एकबीज जुळ्यांच्या २०० जोड्यांचा अभ्यास १९८१ मध्ये प्रसिद्ध केला. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाच्या ५३ जोड्यांपैकी ४८ जोड्यांत दोन्ही भावंडांना, तर पहिल्या प्रकारच्या १४७ जोड्यांपैकी ८० जोड्यांत दोघांना मधुमेह होता. म्हणजे तरुणांना होणाऱ्या पहिल्या प्रकारापेक्षा प्रौढपणी होणाऱ्या दुसऱ्या प्रकारातच आनुवंशिकतेचा ठसा अधिक दिसला. ही गोष्ट अनेकांना अनपेक्षित होती.

स्थलांतरितांच्या अभ्यासाने दुसरी बाजू पुढे आणली. युगांडातील मेंगो रुग्णालयाचे डॉक्टर ॲल्बर्ट कुक यांनी १९०१ मध्ये तेथील लोकांत मधुमेह विरळा, पण झाल्यास प्राणघातक असल्याचे नोंदविले होते. जी. डी. कँपबेल यांनी १९६० नंतरच्या काही वर्षांत दक्षिण आफ्रिकेतील डरबन येथे केलेल्या पाहणीत नाताळ प्रांतातील भारतीय वंशाच्या लोकांमध्ये मधुमेह फार वाढलेला, तर शहरात येऊन काही दशके राहिलेल्या आफ्रिकी लोकांत तो वाढत चाललेला आढळला. उसाच्या मळ्यांवर मजूर म्हणून गेलेल्या भारतीयांचे वंशज आणि त्यांचे भारतातील नातलग यांची जनुके एकच होती. बदलला होता तो आहार व जीवनक्रम. त्यामुळे ‘आनुवंशिक की परिस्थितिजन्य’ असा प्रश्न विचारणेच अपुरे ठरले. विशिष्ट जनुके विशिष्ट परिस्थितीत कशी वागतात, हा खरा प्रश्न होता.

पश्चिम आफ्रिकेतील शोध : आफ्रिका खंडात मानवाचे वास्तव्य सर्वांत प्राचीन असल्याने तेथील लोकांमध्ये आनुवंशिक विविधताही सर्वांत जास्त आहे. गुणसूत्रावर शेजारी असलेले जनुक-प्रकार पिढ्यान्‌पिढ्या एकत्र संक्रमित होतात. परंतु जितक्या पिढ्या जास्त, तितके या साखळीचे तुकडे लहान होत जातात. यूरोपीय लोकांत अनेक प्रकार एका लांब तुकड्यात एकत्र सापडत असल्याने त्यांतील रोगास कारणीभूत प्रकार कोणता, हे ओळखणे कठीण जाते. आफ्रिकी लोकांत हे तुकडे आखूड असल्यामुळे दोषी प्रकार वेगळा काढता येतो. या कारणास्तव आफ्रिकी लोकसमूहांचा अभ्यास केवळ आफ्रिकेसाठी नव्हे, तर सर्व मानवजातीच्या दृष्टीने उपयुक्त आहे.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांत मधुमेह जास्त असतो आणि त्यांच्यापैकी बहुतेकांचे पूर्वज पश्चिम आफ्रिकेतून नेले गेले, हे लक्षात घेऊन हॉवर्ड विद्यापीठाने ‘आफ्रिका–अमेरिका मधुमेह अभ्यास’ हा प्रकल्प हाती घेतला. नायजेरियात जन्मलेले चार्ल्स रोटिमी हे त्याचे प्रमुख संशोधक होत. नायजेरियातील लागोस, इबादान व एनुगू आणि घानातील आक्रा व कुमासी ही त्याची केंद्रे होती. पुढे केन्याचाही समावेश झाला. योरुबा, इग्बो, अकान इ. जमातींची नोंद स्वतंत्रपणे ठेवण्यात आली व पहिल्या टप्प्याचे फलित २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्ण आणि निरोगी व्यक्ती एकाच जमातीतून निवडण्याची ही दक्षता म्हणजे वर वर्णिलेल्या सरमिसळीच्या दोषावरील उपाय होता.

आइसलँडमधील संशोधकांनी २००६ मध्ये दहाव्या गुणसूत्रावरील टीसीएफ७एल२ या जनुकाचा दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाशी संबंध दाखविला. या जनुकाच्या जोखमीच्या प्रकाराची एक प्रत असल्यास मधुमेहाची शक्यता सु. दीडपट व दोन प्रती असल्यास सु. अडीचपट होते. आजवर सापडलेल्या सामान्य जनुक-प्रकारांत हा सर्वांत प्रभावी मानला जातो. परंतु यूरोपीय नमुन्यांत अनेक शेजारी प्रकार एकत्र दिसत असल्याने मूळ प्रकार निश्चित होईना. २००७ मध्ये पश्चिम आफ्रिकी नमुन्यांची जोड दिल्यावर एका ठराविक प्रकारावर बोट ठेवता आले. आइसलँडमध्ये सुरू झालेला शोध अशा रीतीने आफ्रिकेतील रक्तनमुन्यांमुळे नेमका झाला.

याच प्रकल्पातील नायजेरिया, घाना व केन्या येथील ५,२३१ व्यक्तींच्या संपूर्ण जनुकसंचाच्या पाहणीतून २०१९ मध्ये झेडआरएएनबी३ या जनुकाचा मधुमेहाशी संबंध पुढे आला. झेब्रा माशांमध्ये हे जनुक निष्क्रिय केल्यावर बीटा कोशिकांची संख्या घटलेली आढळली. यूरोपीय नमुन्यांवर आधारलेल्या पूर्वीच्या मोठ्या पाहण्यांत हे जनुक हाती लागले नव्हते.

पुणे येथील संशोधन : पुणे येथील के. ई. एम. रुग्णालयाच्या मधुमेह विभागात चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले संशोधन या इतिहासातील दुसरे महत्त्वाचे प्रकरण होय. भारतीयांना मधुमेह तुलनेने कमी वयात व कमी वजन असताना का होतो, हा त्याचा मूळ प्रश्न होता. १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत मातांच्या पोषणाचा अभ्यास सुरू झाला. तेथील पूर्ण दिवसांच्या ६३१ बालकांची तुलना इंग्लंडमधील साउथॅम्प्टन येथील ३३८ बालकांशी करण्यात आली. पुण्याकडील बालकांचे सरासरी वजन सु. २·७ किग्रॅ., तर तेथील बालकांचे सु. ३·५ किग्रॅ. होते. परंतु ही तूट सर्व ऊतकांत सारखी नव्हती. स्नायू व पोटातील इंद्रिये लहान असली, तरी त्वचेखालील मेद बराचसा टिकून होता. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षामुळे ‘कृश तरीही मेदयुक्त’ भारतीय बालकाची कल्पना वैद्यकविश्वात रूढ झाली.

हीच गोष्ट प्रौढांतही कशी दिसते, हे याज्ञिक व ब्रिटिश वैद्य जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःच्याच उदाहरणाने दाखविले. उंचीच्या मानाने दोघांचेही वजन सारखे, म्हणजे देहभार-निर्देशांक २२·३ होता. परंतु शरीरातील मेदाचे प्रमाण युडकिन यांच्यात ९·१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१·२ टक्के होते. यूरोपीय प्रमाणके भारतीयांस जशीच्या तशी लावल्यास काय घडते, याचे हे सोपे प्रात्यक्षिक होते.

जनुकांच्या बाबतीत पुण्याच्या विभागाने हैदराबाद येथील कोशिकीय व रेणवीय जीवविज्ञान केंद्राच्या सहकार्याने काम केले. टीसीएफ७एल२ या जनुकाचा भारतीयांतही मधुमेहाशी दृढ संबंध आहे, असे २००७ मध्ये दिसून आले. यूरोपीय, आफ्रिकी व भारतीय या तिन्ही समूहांत हे जनुक एकाच दिशेने परिणाम करते, हे त्यामुळे सिद्ध झाले. एफटीओ या जनुकाचे फलित मात्र वेगळे निघाले. यूरोपीय लोकांत हे जनुक प्रथम लठ्ठपणा वाढविते आणि केवळ त्या मार्गानेच मधुमेहाची जोखीम वाढविते, असे २००७ मध्ये आढळले होते. पुणे व म्हैसूर येथील नमुन्यांवर आधारलेल्या २००९ च्या अभ्यासात वजनाचा परिणाम वजा केल्यावरही या जनुकाचा मधुमेहाशी संबंध शिल्लक राहिला. एकच जनुक दोन समूहांत निरनिराळ्या वाटांनी कार्य करू शकते, याचे हे उदाहरण होय.

याज्ञिक यांच्या संशोधनाने जनुकांच्या मर्यादाही पुढे आणल्या. गर्भारपणी ब १२ जीवनसत्त्व कमी आणि फॉलेट जास्त असलेल्या मातांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्शुलिनास प्रतिरोध अधिक असल्याचे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. जे दोष आनुवंशिक वाटतात, त्यांतील काही मातेच्या गर्भाशयातील पोषणातून आलेले असू शकतात. हेल्स व बार्कर यांनी १९९२ मध्ये ‘काटकसरी जनुका’ऐवजी गर्भावस्थेतील उपासमारीने घडलेल्या ‘काटकसरी देहा’ची जी उपपत्ती मांडली होती, तिला या निरीक्षणांनी बळकटी मिळाली.

मापनातील आनुवंशिक त्रुटी : जनुके रोगावर परिणाम करतात, तशीच ती रोगाच्या मापनावरही परिणाम करतात. सॅम्युएल रहबर यांनी तेहरान येथे हीमोग्लोबिनाचे असामान्य प्रकार शोधत असता १९६८ मध्ये मधुमेही व्यक्तींच्या रक्तात एक विशिष्ट अंश वाढलेला पाहिला. ग्लुकोज जोडले गेलेले हे हीमोग्लोबिन म्हणजे ए१सी होय. तांबड्या कोशिकेचे आयुष्य सु. १२० दिवस असल्याने ए१सीच्या प्रमाणावरून मागील दोन-तीन महिन्यांतील ग्लुकोजाची सरासरी पातळी कळते. २०१० मध्ये अमेरिकन मधुमेह संघटनेने व २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ए१सी ६·५ टक्के किंवा जास्त असणे ही मधुमेहाच्या निदानाची एक कसोटी म्हणून स्वीकारली.

ही कसोटी तांबड्या कोशिका पूर्ण आयुष्य जगतात, असे गृहीत धरते. ग्लुकोज-६-फॉस्फेट डीहायड्रोजनेज (जी६पीडी) या एंझाइमाची कमतरता असलेल्या व्यक्तींत हे गृहीतक कोसळते. ही कमतरता १९५६ मध्ये अमेरिकेत प्रथम ओळखली गेली. हिवतापावरील प्रायमाक्वीन या औषधाने काही कृष्णवर्णीयांच्या तांबड्या कोशिका का फुटतात, याचा तपास इलिनॉय राज्यातील तुरुंगात कैद्यांवर प्रयोग करून चालला होता. ज्यांना नकार देण्याचे पुरेसे स्वातंत्र्य नाही, अशांवर केलेल्या या प्रयोगांच्या नैतिकतेविषयी पुढे गंभीर आक्षेप घेण्यात आले. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असून हिवतापापासून काही प्रमाणात संरक्षण देत असल्याने ते उष्ण प्रदेशांत टिकून राहिले.

भारतात या कमतरतेच्या अभ्यासाचा प्रारंभ परळ येथेच झाला. बक्षी, बालकृष्णन व संघवी यांनी १९६१ मध्ये मुंबईतील नमुन्यांवरील निरीक्षणे प्रसिद्ध केली आणि १९६३ मध्ये उंडेविया यांच्यासह पारशी समाजात ही कमतरता विशेष प्रमाणात आढळते, असे दाखविले. त्या वेळी या निष्कर्षाचे महत्त्व औषधांच्या दुष्परिणामांपुरते आणि मानवशास्त्रापुरते मर्यादित होते. ए१सी हे माप तेव्हा अस्तित्वात नव्हते.

त्यानंतर अर्धशतकाने या दोन वाटा एकत्र आल्या. २०१७ मध्ये सु. १,६०,००० व्यक्तींच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात असे आढळले की, सु. ११ टक्के अमेरिकन कृष्णवर्णीयांत जी६पीडीचा आफ्रिकी प्रकार असतो आणि तो असलेल्या पुरुषांत ए१सी सु. ०·८ टक्के-अंशाने कमी दिसते. ग्लुकोज तितकेच असते. कोशिका लवकर नष्ट झाल्याने त्यावर ते जोडले जाण्यास अवधी मिळत नाही. केवळ ए१सीवर विसंबून चाचणी केल्यास अमेरिकेतील सु. ६,५०,००० कृष्णवर्णीय मधुमेहींचे निदान राहून जाईल, असा त्या अभ्यासाचा अंदाज होता. दात्रकोशिका जनुकाची एक प्रत असलेल्या व्यक्तींतही समान ग्लुकोजास ए१सी सु. ०·३ टक्के-अंशाने कमी भरते, असे त्याच वर्षी दुसऱ्या एका अभ्यासाने दाखविले.

महाराष्ट्राच्या दृष्टीने ही बाब दूरची नाही. विदर्भात तसेच नंदुरबार व धुळे जिल्ह्यांतील आदिवासी भागांत दात्रकोशिका जनुक बऱ्याच प्रमाणात आढळते. निरनिराळ्या समाजांत जी६पीडीची कमतरता आहे. आफ्रिकी आणि भारतीय प्रकारांत उत्परिवर्तने भिन्न असल्याने एका ठिकाणचे आकडे दुसरीकडे तसेच लावता येत नाहीत. परंतु ज्यांच्या ए१सीचा आकडा व प्रत्यक्ष ग्लुकोजाची पातळी यांचा मेळ बसत नाही, अशा रुग्णांत तांबड्या कोशिकांच्या आनुवंशिक दोषाचा विचार करणे आणि रक्तातील ग्लुकोजाची थेट चाचणी करणे आवश्यक ठरते. पांडुरोगाचाही या मापावर परिणाम होतो. भारतासारख्या देशात ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी लागते.

रोगाच्या वर्गीकरणातील प्रश्न : यूरोपात घडलेली दोन प्रकारांची चौकट आफ्रिका व भारत येथील सर्व रुग्णांना बसत नाही, ही शंका जुनी आहे. ह्यू-जोन्स यांनी १९५५ मध्ये जमेकातील काही कृश तरुण रुग्णांचे वर्णन केले. ते कोणत्याच प्रकारात बसत नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये कुपोषणाशी निगडित मधुमेह हा स्वतंत्र वर्ग मानला, पण १९९९ मध्ये तो वगळला. २०२५ मध्ये कॅमेरून, युगांडा व दक्षिण आफ्रिका येथील अभ्यासात पहिल्या प्रकारचे म्हणून नोंदलेल्या तरुण रुग्णांपैकी सु. दोन-तृतीयांशांत स्वतःच्या कोशिकांविरुद्धची प्रतिपिंडे आढळली नाहीत. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय मधुमेह संघाने कुपोषणजन्य मधुमेहास ‘पाचवा प्रकार’ म्हणून मान्यता दिली. भारतात तरुणपणी होणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात इन्शुलिनाची कमतरता हेच मुख्य कारण असल्याचे पुणे येथील रुग्णांच्या अभ्यासात २०२२ मध्ये दिसले होते. पहिल्या प्रकारचा मधुमेह ओळखण्यासाठी यूरोपीय जनुकांवरून तयार केलेला गुणांक भारतीय रुग्णांतही उपयोगी पडतो, असे २०२० मध्ये पुण्यातील नमुन्यांवरून आढळले. तथापि त्याची अचूकता यूरोपीयांपेक्षा कमी आहे. उपचार इन्शुलिनाने करावयाचे की गोळ्यांनी, हे निदानावर अवलंबून असल्याने वर्गीकरणाचा हा प्रश्न रुग्णाच्या दृष्टीने जीवनमरणाचा ठरू शकतो.

मूल्यमापन : २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक संकलनात २५ लाखांहून अधिक व्यक्तींच्या माहितीवरून दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाशी निगडित १,२८९ आनुवंशिक खुणा ६११ ठिकाणी नोंदविल्या गेल्या. प्रत्येकीचा परिणाम अल्प असून त्यांतील एखादी असली म्हणजे मधुमेह होतोच असे नाही आणि नसली म्हणजे होत नाही असेही नाही. जनुक-साहचर्याच्या एकूण पाहण्यांत सहभागी झालेल्यांपैकी २०१८ पर्यंत सु. ७८ टक्के व्यक्ती यूरोपीय वंशाच्या, सु. १० टक्के आशियाई व केवळ सु. २ टक्के आफ्रिकी होत्या. त्यावरून तयार झालेले जोखमीचे गुणांक आफ्रिकी व भारतीय व्यक्तींच्या बाबतीत कमी विश्वसनीय ठरतात. ही उणीव भरून काढण्यासाठी आफ्रिकेत २०१२ ते २०२२ या काळात ‘आफ्रिकेतील मानवी आनुवंशिकता व आरोग्य’ हा प्रकल्प चालला; २०२० मध्ये ५० भाषिक-वांशिक गटांतील ४२६ व्यक्तींच्या जनुकसंचात पूर्वी अज्ञात असलेले ३० लाखांहून अधिक प्रकार सापडले. भारतात २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पात सु. १०,००० व्यक्तींच्या जनुकसंचांची नोंद करण्यात आली.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहींची संख्या सु. १० कोटी १० लाख, म्हणजे प्रौढांत ११·४ टक्के होती. एवढ्या मोठ्या संख्येचे स्पष्टीकरण केवळ जनुकांनी होऊ शकत नाही. कारण दोन-तीन पिढ्यांत जनुके बदलत नाहीत. बदलले ते अन्न, श्रम व शहरातील जीवन. म्हणून आनुवंशिक शोधाचा उपयोग एखादा समाज जन्मतःच रोगी आहे असे ठरविण्यासाठी नसून, कोणत्या व्यक्तीला कोणत्या प्रकारचा मधुमेह आहे, कोणत्या चाचणीवर विश्वास ठेवावा आणि कोणता उपचार लागू पडेल, हे ओळखण्यासाठी आहे. मुंबईतील सहा गटांच्या पाहणीने १९५० मध्ये दाखविलेली गोष्ट या सर्व संशोधनाच्या मुळाशी आहे : ज्या लोकांविषयी निष्कर्ष काढावयाचा, त्याच लोकांचे मोजमाप केले पाहिजे, दुसऱ्यांचे प्रमाणक त्यांना उसने देऊन चालत नाही.